सही न करणारी माणसं (सोल, १९८७)

तळजाई | ९ जून, रात्री ९.१५

मी गेली अकरा वर्षं कोरियन दुभाषी म्हणून काम करते. चाकण, तळेगाव, रांजणगाव. शॉप फ्लोअरवर एका बाजूला कोरियन साहेब, दुसऱ्या बाजूला आपली पोरं आणि मधे मी. शनिवार-रविवार घरी शिकवणी घेते. मुली येतात त्या मालिका आणि गाण्यांच्या ओढीने. सोलमधल्या कॅफेंची नावं त्यांना तोंडपाठ असतात, पण त्याच शहरातल्या नाम्योंग-दोंगला काय घडलं ते आजवर एकीनेही विचारलेलं नाही. आज ९ जून, म्हणून लिहायला बसले.

नाम्योंग-दोंगला काळपट विटांची एक इमारत आहे, १९७६ सालची. दक्षिण कोरियातल्या लष्करी हुकूमशाहीच्या काळात पोलिसांचा कम्युनिस्टविरोधी विभाग तिथे बसायचा. आता तिथे स्मारक आहे. लांबून बघितलं तर पाचव्या मजल्याच्या खिडक्या तेवढ्या वेगळ्या दिसतात. वीतभर रुंदीच्या नुसत्या उभ्या फटी, त्यातून डोकंही बाहेर काढता यायचं नाही. मागच्या दाराने आत शिरलं की एक गोल जिना थेट पाचव्या मजल्यावर नेतो. डोळ्यांवर पट्टी बांधून आणलेल्या माणसाला आपण कितव्या मजल्यावर आलो ते कळू नये, म्हणून तो गोल केलेला. ५०९ नंबरची खोली काचेआडून बघता येते. आत भिंतीला लागून एक बाथटब आहे.

१४ जानेवारी १९८७ला या खोलीत पार्क जोंग-चोल मेला. वय २१, सोल राष्ट्रीय विद्यापीठात भाषाशास्त्राचा विद्यार्थी. पोलिसांना खरं तर तो नकोच होता, त्याच्या ओळखीतला एक मोठा विद्यार्थी नेता हवा होता. तो कुठे लपलाय ते सांग म्हणून याचं डोकं पाण्यात दाबत राहिले. पोलिसांनी बाहेर जे सांगितलं ते वाक्य आजही प्रत्येक कोरियन माणसाला पाठ आहे. ‘टेबलावर धाडकन हात आपटला, तसा तो अक् करून कोसळला आणि मेला.’

आता मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ती माणसं.

पोलिसांनी खोलीत जवळच्या इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरला बोलावलं, ओ योन-सांग. मुलगा आधीच गेलेला होता. नंतर पत्रकारांनी गाठल्यावर त्यांनी फक्त दिसलं ते सांगितलं, जमिनीवर पाणी होतं. ‘छळ’ हा शब्द उच्चारलाच नाही. पाणी म्हटल्यावर सगळ्यांना कळलं.

मुलगा गेला त्याच संध्याकाळी पोलीस सरकारी वकिलाकडे कागद घेऊन गेले. रातोरात दहन करायचंय, सही द्या. त्या वकिलाने, चोइ ह्वानने, सही केली नाही. देह ठेवा, शवविच्छेदन होईल, म्हणाला. शवविच्छेदन केलं ह्वांग जोक-जुन यांनी. हृदयविकार लिहा म्हणून वरून दबाव होता. त्यांनी गळा दाबला जाऊन गुदमरून मृत्यू असं लिहिलं. टबाच्या काठावर गळा दाबला गेला होता.

मग पोलिसांनी आपल्याच दोघांना पुढे केलं आणि प्रकरण मिटवलं. पण तुरुंगात त्या दोघांकडून फुटलं की आणखी तिघं होते. त्याच तुरुंगात एक राजकीय कैदी होता. त्याला हे समजलं ते तुरुंगातल्याच कर्मचाऱ्याकडून, आणि त्याने लिहिलेलं पत्रही कर्मचाऱ्याच्याच हातून बाहेर गेलं. १८ मे १९८७ला म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये धर्मगुरूंनी ते जाहीर केलं आणि देश पेटला.

९ जूनला योन्से विद्यापीठाच्या फाटकाशी पोलिसांनी अश्रुधुराचं नळकांडं सरळ माणसांवर झाडलं. ते ली हान-योल नावाच्या वीस वर्षांच्या मुलाच्या डोक्याला मागून लागलं. मित्राने त्याला काखेत हात घालून उभं धरलंय आणि तो रक्तबंबाळ होऊन मान टाकतोय, हा फोटो जगभर गेला. तो महिनाभर बेशुद्ध होता. पोलीस त्याला उचलून नेतील या भीतीने मुलामुलींनी इस्पितळाला रात्रंदिवस पहारा दिला. २९ जूनला राजवटीने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मान्य केली. ५ जुलैला हान-योल गेला. अंत्ययात्रेला सोलमध्ये दहा लाखांच्या घरात माणसं होती असं सांगतात.

त्याच्या नावाच्या छोट्या संग्रहालयात त्याचा पांढरा बूट आहे. एकच. दुसरा त्या गर्दीत कुठे गेला कुणास ठाऊक. इतक्या वर्षांत त्याच्या तळाचा चुरा झाला होता, २०१५मध्ये तो तुकडा तुकडा जोडून पुन्हा उभा केला. मी त्या काचेसमोर बराच वेळ होते. बुटाची नाडी आवळून गाठ मारलेली आहे.

जोंग-चोलचे वडील बुसान महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. माझे बाबाही पुणे महापालिकेत पाणीपुरवठ्यातच होते. पहाटे चारला सायकल काढून पेठेत चावी फिरवायला जायचे. पाणी म्हणजे आमच्या घरात दोन वेळचं जेवण होतं. तसंच ते त्या घरातही असणार.

मला वाटत आलंय की हुकूमशाहीला माणूस मारायला एक शिपाई पुरतो, पण तो मेलाच नाही किंवा आपोआप मेला असं दाखवायला खूप जणांच्या सह्या लागतात. डॉक्टर, वकील, कारकून, तुरुंगाधिकारी. १९८७मध्ये त्या साखळीतल्या एकेका कडीने नाही म्हटलं. यावर तुमच्याकडचं काही असेल तर लिहा.

---

मुठाकाठ | ९ जून, रात्री १०.०२

सलग दोनदा वाचलं. लेकीला वाचायला दिलं, ती तुमच्यासारख्याच एका शिकवणीला जाते. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की दहनाची एवढी घाई कशाला? मी म्हटलं, देह हाच पुरावा असतो गं. पण नीट सांगता आलं नाही मला. इथे कुणी डॉक्टर असतील तर सांगा.

---

स्टेथो | ९ जून, रात्री ११.३०

मी डॉक्टर आहे, आता निवृत्त. सांगतो.

देहावर खुणा असतात त्या बाहेरून दिसतातच असं नाही. गळ्याच्या आतल्या स्नायूंत साकळलेलं रक्त, फुप्फुसाचं वजन, पाठीवर कातडीच्या खालचे माराचे डाग. पाठ उघडून पाहिल्याशिवाय ते कळत नाहीत, आणि कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय पाठ उघडतही नाहीत. जाळल्यावर सगळं संपतं. दफन केलं तर निदान पुन्हा उकरता तरी येतं. सोलच्या त्या पोलिसांना हे चांगलं माहीत होतं, म्हणून त्यांना दहनच हवं होतं.

आपल्याकडे कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यावी लागते, हा १९९३ पासूनचा दंडक आहे. चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची हेही कायद्यात आलं. कागदावर सगळं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होतो. पहाटे एक देह आणला, कोठडीतला. सोबत आलेला साहेब म्हणाला, डॉक्टर, छातीत दुखत होतं त्याच्या, तेवढं लिहा, बाकी आम्ही बघतो. तळपाय बघितले मी. निळे होते. बाहेर त्या माणसाचा भाऊ जेवणाचा डबा घेऊन उभा होता, त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. मी तळपायांचं लिहिलं. तीन आठवड्यांत माझी बदली झाली. बायको बाळंतपणाला टेकलेली होती, सामान ट्रकमध्ये भरताना ती एका शब्दानं बोलली नाही मला. पुढे खटल्याचं काही झालं नाही. पण कागद आहे. कुठल्या तरी कपाटात माझ्या अक्षरातला तो कागद आहे.

---

रामटेकडी | १० जून, सकाळी ६.४०

मी एसआरपीत, म्हणजे राज्य राखीव पोलिसांत, तीस वर्षं काढली. धाग्यावर लिहू की नको असं झालं होतं, पण नळकांड्याचं वाचलं आणि राहवलं नाही.

नळकांडं हे वर तोंड करून मारायचं असतं. बंदूक साधारण पंचेचाळीस अंशात. ते कमान घेऊन जमावाच्या पुढं किंवा कडेला पडतं, धूर वाऱ्यानं पसरतो, लोकं मागं सरतात. वारा कुठला आहे ते आधी बघायचं, नाहीतर धूर आपल्याच अंगावर. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. सरळ रेषेत मारलं तर ते नळकांडं राहत नाही, तो तोफगोळा होतो. धातूचा जड डबा आहे तो. ज्यानं दाबलं त्याला हे माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. चूक म्हणून एक होईल. फाटकासमोर रोज उभं राहून रोज सरळ मारत असतील तर ती सवय आहे, आणि अशी सवय वरच्याच्या डोळ्यांदेखत लागते.

आमच्यावर दगड आले आहेत. माझ्या भुवईवर आठ टाके आहेत. भीती वाटते, राग येतो, सगळं होतं. तरी बंदुकीचं तोंड खाली आणताना माणूस समोर चेहरा बघतो.

---

तळजाई | १० जून, दुपारी १.२०

स्टेथो, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसच्या बसमध्ये वाचला आणि पुढचे तीन स्टॉप कळलेच नाहीत.

रामटेकडी काका, मनापासून आभार. तुम्ही लिहिलंत त्यावरून सांगते. कोरियात हे १९८७ला नवीन नव्हतं. १५ मार्च १९६०ला सिंगमन ऱ्ही यांच्या राजवटीने निवडणूक उघड उघड चोरली. त्या दिवशी मासान या बंदराच्या गावात लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. किम जु-योल नावाचा शाळकरी मुलगा हायस्कूलच्या प्रवेशासाठी त्या गावात आला होता. तो नाहीसा झाला. आई सत्तावीस दिवस शोधत होती. ११ एप्रिलला बंदरात देह वर आला. उजव्या डोळ्यात नळकांडं रुतलेलं, पार डोक्याच्या मागपर्यंत. पोलिसांनीच दगड बांधून समुद्रात टाकला होता. स्थानिक वार्ताहराने फोटो काढला, तो छापला गेला. १९ एप्रिलला सोलमध्ये विद्यार्थी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे निघाले आणि पोलिसांनी पुन्हा गोळीबार केला. त्या आंदोलनात सगळे मिळून १८६च्या आसपास माणसं गेली. २६ एप्रिलला ऱ्ही पायउतार झाले.

दगड बांधून बुडवलेला देह दर वेळी वर येतोच असं नाही. या एका वेळी आला.

---

आजोबा७८ | १० जून, सायंकाळी ५.५५

१९ एप्रिल ही तारीख वाचून थबकलो. १९ एप्रिल १९७६ रोजीच दिल्लीत तुर्कमान गेटला घरे पाडण्यास विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. तेव्हा मी येरवड्यात होतो. आम्हाला बातमी कळली ती कित्येक दिवसांनी, भेटीला आलेल्या एकाच्या आईकडून. वर्तमानपत्रात छापून येणे शक्यच नव्हते.

तुमच्या सहीच्या मुद्द्याला जोडून लिहितो. हेबियस कॉर्पस या लॅटिन शब्दांचा अर्थच मुळी ‘देह हजर करा’ असा आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आणीबाणीत हा अर्ज करण्याचा हक्कच नागरिकाला नाही. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी तसे लिहिले. त्या चौघांत आपल्या पुण्याचे, नूमवि आणि आयएलएसमध्ये शिकलेले यशवंतराव चंद्रचूड होते. आम्हा पुणेकर कैद्यांना ते फार लागले होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. पुढच्याच जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश करण्यात आले, त्यांनी राजीनामा दिला. २०१७ साली तो निकाल रद्दबातल ठरवला गेला आणि ते लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव होते. मी तो दिवस पाहायला उरलो याचे समाधान आहे.

केरळातला राजन आठवतो का कुणाला? कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी. १ मार्च १९७६ला वसतिगृहातून उचलला, कक्कयमच्या पोलीस छावणीत नेला. वडील हिंदीचे प्राध्यापक. आणीबाणी उठताच १९७७ला त्यांनी उच्च न्यायालयात देह हजर करा म्हणून अर्ज केला. पोलिसांच्या ताब्यात मुलगा मेल्याचे सरकारला कबूल करावे लागले, मुख्यमंत्री करुणाकरन यांची खुर्ची गेली. देह मात्र मिळाला नाही, आजतागायत. वडील २००६ साली गेले.

---

माया_कोथरूड | १० जून, रात्री ९.१०

माझा थोडा वेगळा सूर आहे, राग मानू नका.

सह्या न करणाऱ्यांचं मोठेपण मान्यच. पण जून १९८७ला सोलच्या रस्त्यावर कचेऱ्यांमधले टायवाले लोक जेवणाच्या सुट्टीत उतरले नसते, तर त्या डॉक्टरचं आणि वकिलाचं काय झालं असतं? लष्कराने सत्ता बळकावलेल्या म्यानमारकडे बघा. ९ फेब्रुवारी २०२१ला नेपिडोमध्ये म्या थ्वे थ्वे खाइंगच्या डोक्यात गोळी घातली, दहा दिवसांनी ती गेली. बस थांब्याच्या आडोशाला उभी होती ती. विसावा वाढदिवस इस्पितळात बेशुद्धीत झाला. ३ मार्चला मंडालेत एकोणीस वर्षांची क्याल सिन गेली. दफनानंतर दुसऱ्या दिवशी सैन्याच्या बंदोबस्तात तिची कबर उकरली, देह तपासला आणि वर सिमेंट ओतून ठेवलं. मग जाहीर केलं, गोळी पोलिसांची नव्हतीच. तिथल्या डॉक्टरांनी, नर्सनी तर सगळ्यात आधी काम बंद केलं होतं. सही कुणीच करत नव्हतं. राजवट तरी टिकली. सह्या लागत नाहीत अशा ठिकाणी काय करायचं?

---

अक्षरजुळणी | १० जून, रात्री १०.४५

@माया, प्रश्न रास्त आहे. पण सिमेंट का ओतलं हे बघा ना. ज्या राजवटीला कशाचीच फिकीर नाही ती मेलेल्या मुलीची कबर उकरायला कशाला जाईल? त्यांनाही त्या खोट्या कागदाची गरज होतीच.

बांगलादेशचंही असंच झालं. १६ जुलै २०२४ला रंगपूरमध्ये अबू सईद हा आंदोलक विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर एकटा उभा राहिला आणि त्यांनी छर्रे झाडले. अख्ख्या देशाने व्हिडिओवर पाहिलं. तरी पोलिसांच्या फिर्यादीत लिहिलं होतं, आंदोलकांच्या विटांनी तो पडला! शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं की अहवाल बदलून द्या म्हणून त्यांच्यामागे लकडा लावला होता. जग बघत असताना सुद्धा त्यांना तो कागद हवा होता. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे १ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत. त्यातली बरीच गोळ्यांनी.

---

पवनाकाठ | ११ जून, सकाळी ८.०५

हुकूमशाहीबद्दल चाललंय ते ठीक, पण ९ ऑगस्ट २०११ला आमच्या मावळात द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध होता. तिथे कुठली हुकूमशाही होती? आमच्या गावातनं लोक गेले होते त्या दिवशी. आई अजून त्या पुलाखालून जाताना बोलायची थांबते.

---

तळजाई | ११ जून, रात्री ९.३०

पवनाकाठ, बरं झालं लिहिलंत. लोकशाहीत पोलीस गोळी घालत नाहीत असं मला म्हणायचंच नव्हतं. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, विधिमंडळात आरडाओरडा झाला, चौकशी आयोग बसला, त्या घरच्यांना नावानिशी बोलता आलं. गेलेल्यांना त्याचा उपयोग नाही, मान्य. पण एवढं सुद्धा मागायला जोंग-चोलच्या वडिलांना किती वर्षं लागली ते सांगते.

ते आणि हान-योलची आई बे उन-शिम, दोघंही मेलेल्या मुलांच्या आईवडिलांच्या संघटनेत काम करत राहिले. निवडणूक मिळाली तरी डिसेंबर १९८७ला विरोधकांतले किम आडनावाचे दोन नेते एकमेकांविरुद्ध लढले आणि हुकूमशहाचाच माणूस निवडून आला. मायाताई, हेही तुमच्या बाजूचं आहे. मग १९९८ पासून हे सगळे म्हातारे संसदेसमोर तंबूत ४२२ दिवस बसून राहिले, दोन हिवाळे. तेव्हा कुठे संशयास्पद मृत्यूंच्या चौकशीचा कायदा झाला. २०१८ला, म्हणजे ३१ वर्षांनी, देशाचे महाभियोक्ता वडिलांच्या इस्पितळातल्या खाटेशी येऊन माफी मागून गेले. त्याच जुलैत वडील वारले. बे उन-शिम २०२२च्या जानेवारीत गेल्या.

आता एक मदत हवी आहे. शवविच्छेदनानंतर दुसऱ्याच दिवशी मुलाला दहन दिलं. वडिलांनी राख इमजिन नदीत सोडली, नदी गोठलेली होती. तेव्हा ते जे बोलले ते बुसानकडच्या गावठी बोलीत आहे. बापाला ते ‘आबुजी’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, ‘जोंग-चोल, नीट जा. तुझ्या बापाला काही बोलायचं नाही.’ पण हे माझ्या सदाशिवपेठी मराठीत आणलं की रुसल्यासारखं वाटतं. मूळ वाक्यात रुसवा नाही. बोलण्यासारखं काही उरलेलं नाही आणि तो जवळ घेऊनच बोलतोय. इथे कुणाला जमेल का?

---

रामटेकडी | ११ जून, रात्री ९.५८

मी मूळचा माण तालुक्यातला. आमचे वडील बोलले असते ते असं:

‘जा बाबा नीट. तुज्या आबाकडं बोलाया काय न्हाय रं.’

---

स्टेथो | ११ जून, रात्री १०.१५

याला हात लावू नका.

---

तळजाई | १२ जून, सकाळी ७.१०

काका, हेच घेतलं. रात्री बाबांना वाचून दाखवलं. आधी मी ‘रे’ वाचलं, त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, त्यानं ‘रं’ लिहिलंय, तसंच वाच.